मानेवरचा केस

लॉक्सटन, ९ मार्च, रविवार

प्रिय अँटन,

टण्णऽऽ...

कागदावर हा आवाज नीट उतरत नाही, पण सकाळपासून तो माझ्या डोक्यात घुमतोय. तुझे आजोबा कुठल्याही अपघातातल्या मोटारसायकलचा सांगाडा आधी शेडच्या आढ्याला दोरीने टांगायचे आणि पान्याने त्याला हलकेच एक टोला द्यायचे. मी नुकताच शाळेतून आलेला, दप्तर अजून पाठीवर, दाराच्या चौकटीला टेकून उभा. निकोप सांगाडा चर्चच्या घंटेसारखा वाजायचा आणि मग बराच वेळ स्वतःशीच गुणगुणत राहायचा. कुठे भेग असेल तर बद्द आवाज यायचा, फुटक्या मडक्यासारखा. माझे वडील डोळे मिटून ऐकत. मग म्हणत, "हा जगेल." नाहीतर काही न बोलता तो उतरवून शेडमागच्या ढिगावर टाकत. त्या दिवशी शाळेत बाईंनी जी कविता पाठ करून घेतलेली असे, ती माझ्या डोक्यात त्या नादावरच चाल धरायची. आजही एखादी जुनी कविता आठवली की तिच्या मागे ते लोखंड वाजतं.

हे आज आठवण्याचं कारण, मी एक मोटारसायकल घेतली आहे. शहरातल्या लिलावातून, फोटो बघून. विमा कंपनीने मोडीत काढलेली. तू कपाळाला हात लावशील. लाव. दुसऱ्याच्या वस्तू बघून कपाळाला हात लावायचा तुझा धंदाच आहे. कायमच्या बाद करतात त्यातली ही नव्हे. दुरुस्त करून, तपासणी करून पुन्हा रस्त्यावर आणता येते त्यातली आहे. पण हे मी तुला काय सांगायचं? विमा कंपनीत बसून असल्या गाड्यांच्या नशिबावर तू रोज सह्या करतोस.

पुढचे शॉकअप वाकलेत. दिवा फुटलाय, टाकीला पोचा आहे, पुढच्या चाकाची रिंग पापडासारखी झालीय. बाकी इंजिन ठणठणीत. ट्रकवरून उतरवली तेव्हा शेजारची डल्सी क्रोएन कुंपणाशी आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "आल्विन, माणसं तुझ्या वयात गुलाब लावतात."

"गुलाबाला किक मारता येत नाही," मी म्हटलं.

"तुला तरी येते का?"

त्या नाताळच्या जेवणाबद्दल मी काही लिहिणार नाही. गारपिटीने ठेचलेली माझी पिकअप तू मोडीत काढलीस, ती चेचली गेली, आणि मी भरल्या पानावर तुला जे म्हणालो ते सगळ्यांनी ऐकलं. त्यानंतर तू फोन उचलत नाहीस. म्हणून पत्र. पत्र वाजत नाही, त्यामुळे तुला ते न उचलायचीही सोय नाही.

तुझा बाप,
आल्विन

ता.क. तू विचारशील, शहात्तराव्या वर्षी मोटारसायकल कशाला. माझ्यासाठी नाही. फ्रेयासाठी आहे. संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये तिची पहाटेची पाळी असते आणि तिथवर बस जात नाही. तुझ्या लेकीने कॉलेज सोडलं तेव्हा तू तिला काय बोललास ते तिने मला सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही. ती आपली बॅग घेऊन माझ्या दारात आली, मी मागची खोली रिकामी केली.


लॉक्सटन, ६ एप्रिल

प्रिय अँटन,

तुझं उत्तर मिळालं. मला नाही, फ्रेयाच्या फोनवर. तिने ते जेवताना वाचून दाखवलं: "ओपाला सांग, सांगाडा मापून घे. हँडलचा दांडा बसतो तिथे, मानेपाशी. मापल्याशिवाय तू त्या गाडीवर बसायचं नाहीस." तिचा ओपा, आजोबा, म्हणून निरोप; बाप म्हणून मला एक ओळ नाही, नमस्कार नाही. मी मेटवुर्स्ट सॉसेजचा तुकडा परत ताटात ठेवला.

मरे ब्रिज गावात एकजण यंत्रावर सांगाडे मापून देतो हे मला ठाऊक आहे. पण अँटन, माझ्या बापाने आयुष्यात एकही सांगाडा मापला नाही, आणि त्याने उभी केलेली एकही गाडी मोडून पडली नाही.

तरी तुझ्या समाधानासाठी सांगतो. गाडी पूर्ण सुटी केली, सांगाडा उघडा केला आणि काल दुपारी वडिलांच्याच आढ्याला टांगला. फ्रेयाला म्हटलं, आता ऐक. पाना उचलला, टोला दिला. आणि काय सांगू तुला! घंटाच, नेमकी तशीच. साठ-पासष्ट वर्षं मध्ये गेलीच नाहीत असं वाटलं. मी डोळे मिटून उभा राहिलो. शाळेच्या खिडकीतून दिसणारी नदी, पाण्यात उभी मेलेली झाडं, बाईंचा खडूचा हात, सगळं त्या नादात होतं. मला तिथल्या तिथे दोन ओळी सुचल्या,

लोखंडाला कंठ फुटावा, गावे त्याने उभे राहुनी,
पडल्याचेही गाणे व्हावे, कुणी ऐकता कान देउनी...

"ओपा," फ्रेया म्हणाली, "कविता नंतर. आधी दोरी धर, माझ्या हाताला रग लागली."

"कसा वाजला?"

"वाजला. लोखंड वाजतं तसं. मला काय कळतं त्यातलं?"

तिला अजून कान नाही. येईल. हात मात्र पक्का आहे तिचा, बोल्ट धरला की सुटत नाही. माझेच हल्ली सुटतात, थंडीचं असेल.

डल्सी क्वांडाँगची आंबटगोड रानफळं भरून भाजलेला पाय घेऊन आली होती. माझ्याशी बोलताना मुद्दाम ओरडते. म्हणते, "तुझी ती कानातली यंत्रं कुठंयत? ड्रॉवरमध्ये काय अंडी उबवतायत?" त्या यंत्रांनी कप-बश्या माझ्या डोक्यात फुटल्यासारख्या वाजतात. मी ती घालत नाही. ज्याला ऐकायचंय त्याला ऐकू येतं.

तेव्हा काळजी नसावी. हा जगेल.

आल्विन


लॉक्सटन, २७ एप्रिल

प्रिय अँटन,

आता मात्र टोपी काढ. गाडी पास झाली.

शहरात तपासणीला नेली, डल्सीच्या गाडीला तिच्या भाच्याचा ट्रेलर जोडून; गाडी फ्रेयाने चालवली. तिथल्या माणसाने सगळे क्रमांक ताडून पाहिले, प्रत्येक सुट्या भागाची पावती मागितली. कुठला भाग चोरीचा नाही ना, हीच त्यांना मुख्य काळजी. मग दिवे, ब्रेक, टायर. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "काका, रंग झकास दिलाय." सांगाडा मी काळ्या इनॅमलने रंगवला आहे, तीन हात, घोड्याच्या केसांच्या ब्रशने. फवाऱ्याचा रंग मला आवडत नाही.

मी मुद्दामच विचारलं, "मान कशी वाटते?"

"सरळ दिसतेय," तो म्हणाला. आणि शिक्का मारला.

सरकारी माणूस म्हणतोय सरळ आहे. आता तुझं काय म्हणणं?

तुझ्या कचेरीवरून जाताना फ्रेया म्हणाली, "थांबायचं का?" मी म्हटलं, "तुला थांबायचंय का?" ती म्हणाली, "तुला?" असं करता करता आम्ही शहराबाहेर आलो. वाटेत पेट्रोलपंपावर दोघांनी खिमा भरलेला पाय खाल्ला आणि घरी आलो.

ती तुझ्यासारखी गाडी चालवते. दोन्ही कोपर बाहेर.

तुझा बाप


लॉक्सटन, १३ मे, मंगळवार

प्रिय अँटन,

हे पत्र फ्रेयाच्या नकळत लिहितोय. तिने मला शपथ घातली आहे, पण माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीत आहे. येत्या रविवारी तुझा वाढदिवस. पहाटे निघून मोटारसायकलवर तुझ्या दारात हजर व्हायचा तिचा बेत आहे. "डॅडला बघू दे, जिच्यावर त्याने फुली मारली असती ती गाडी अडीचशे किलोमीटर कशी पळते." मी म्हटलं, त्याने नव्हती मारली फुली, दुसऱ्या कोणीतरी मारली. ती म्हणाली, "सगळे सारखेच." वरवर तिचं बोलणं असंच असतं, पण तिने तुझ्यासाठी एक मफलर विणलाय, आणि तो माझ्यापासून लपवते.

म्हणून सांगतोय, रविवारी घरी राहा. दार उघड. तिने मनात काय धरलंय ते तिला बोलू दे, मध्ये तोडू नकोस.

गाडी उत्तम आहे. दोन आठवडे रोज पॅकिंग शेडला जाते-येते. फक्त एक, फ्रेया म्हणते, ब्रेक दाबला की समोरून 'टक्' असं काहीतरी वाजतं. मी तिला अंगणात चालवायला लावली, बाजूने चालत कान लावला. काहीही नाही. "ओपा, आत्ता! हे आत्ता वाजलं!" मला तर पाखरूसुद्धा ऐकू आलं नाही. तरी हँडलचं बेअरिंग आवळून दिलं.

परवा रविवारी गाडी धुतली. मानेपाशी, हँडलच्या खाली, रंगात ब्रशचा एक केस चिकटून राहिला आहे. बारीक, जरासा वाकडा. नखाने काढायला गेलो तर निघाला नाही, रंगाखाली दबला असावा. घोड्याच्या केसांच्या ब्रशचं असंच होतं. कधीतरी पॉलिश कागदाने घासून काढीन.

उगीच लिहिलं. तुला अशा बारीकसारीक गोष्टींत रस असतो म्हणून.

या आठवड्यात झोप नीट लागत नाही. द्राक्षवेलींची पानं गळून अंगणात येतात, त्यांचा आवाज होत असेल असं मनात येतं. होत असेल, मला येत नाही ऐकू. तुझ्या आईला यायचा. ती म्हणायची, "आल्विन, ऊठ, कोणीतरी चालतंय," आणि नुसती पानं असायची.

मफलरचं बोलू नकोस.

तुझा बाप,
आल्विन


लॉक्सटन, १८ मे, रविवार

अँटन,

हे पत्र टपालात जाणार नाही. तरी लिहितोय, कारण हाताला काहीतरी काम हवं. फोन मांडीवर आहे. तुझा नंबर फिरवतो, वाजून वाजून बंद होतो. मग फ्रेयाचा, तोही वाजत राहतो, तिच्या जाकिटाच्या खिशात कुठेतरी. मग परत तुझा. बेरीच्या पोलिसांना सांगून झालं. ड्युटीवरची मुलगी म्हणाली, "काळी मोटारसायकल, एकटी मुलगी, शहराच्या दिशेने, बरोबर? सगळ्यांना कळवते. तुम्ही घरीच थांबा, काका." घरीच आहे. दुसरं काय करू? पिकअप नाही माझ्याकडे. डल्सीची गाडी गॅरेजमध्ये आहे. ती आता रस्त्यावर जाऊन उभी आहे, कोणी शहराकडे जाणारं भेटतंय का बघायला. या वयात, चर्चच्या बुटांत.

पहिल्यापासून सांगतो.

फ्रेया पहाटे गेली. मी थर्मास भरून दिला. ती म्हणाली, "ओपा, तोंड असं काय केलंयस? मी चंद्रावर नाही चाललेय." मी तिच्या हेल्मेटवर टकटक केलं, लहानपणी तुझ्या डोक्यावर करायचो तसं. मी काही बोललो नाही, हे तू लक्षात ठेव. रात्रभर तो केस माझ्या डोळ्यांपुढे होता आणि मी काही बोललो नाही. ब्रशचा केस म्हणून मी त्याला झोपवला होता.

मग डल्सी आली. आज चर्चमध्ये बायबलचं वाचन तिच्याकडे होतं. ड्रॉवर उघडून तिने यंत्रं काढली, नव्या बॅटऱ्या आणल्या होत्या त्या घातल्या, आणि घोड्याला लगाम चढवावा तशी माझ्या कानांत बसवली. "आज ऐकू आलं नाही म्हणालास तर याद राख."

चर्चच्या पायऱ्या चढत होतो आणि घंटा झाली. अँटन, ती घंटा मी जन्मापासून ऐकतोय. आज ती वेगळीच वाजली. वरती एक बारीक, काचेसारखा आवाज, आणि त्याच्यामागे लांबत जाणारी गुणगुण. मी डल्सीला विचारलं, "घंटा नवीन बसवली?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला पुढे विचारवेना. डल्सीने काय वाचलं ते मला सांगता येणार नाही. माझ्या मनात एकच चाललं होतं: हा वरचा आवाज इतकी वर्षं होता कुठे? आणि तो मला ऐकू येत नव्हता, तर मग शेडमध्ये मी ऐकलं काय?

आशीर्वाद व्हायच्या आत मी उठलो. घरी आलो, कपडे न बदलता शेडमागे गेलो. तुझ्या आजोबांचा ढीग अजून आहे, गवतात बुडालेला. त्यांनी नापास केलेले सांगाडे. त्यातला एक ओढून काढला, ज्याच्या मानेला बोट जाईल एवढी भेग आहे. कोणी आंधळाही त्याला निकोप म्हणणार नाही. आढ्याला टांगला. यंत्रं काढून खिशात ठेवली आणि टोला दिला.

टण्ण वाजला. घंटेसारखा.

यंत्रं घातली. पुन्हा टोला दिला. बद्द.

काढली. टण्ण. घातली. बद्द. किती वेळा केलं मला माहीत नाही. अँटन, त्या दिवशी मी फ्रेयाचा सांगाडा ऐकलाच नव्हता. पाना उचलल्याबरोबर माझ्या डोक्यातला, बापाच्या शेडमधला नाद वाजला आणि मी डोळे मिटून तोच ऐकत उभा राहिलो. समोर तुझी पोर दोरी धरून उभी होती. तिला विचारलं असतं, "बाई गं, बद्द वाजला की टण्ण?" तिचे कान तरुण आहेत. मी विचारलं, "कसा वाजला?" आणि तिचं उत्तर पुरतं ऐकूनही घेतलं नाही. मनात कविता जुळवत होतो.

ती रोज सांगत होती, समोरून टक् वाजतं. तू तर आधीच सांगितलं होतंस, मानेपाशी मापून घे. सगळे सांगत होते.

तो ब्रशचा केस नव्हे. हे आता लिहिलं, म्हणजे झालं.

मला रस्ता डोळ्यांपुढे दिसतोय. वायकेरीच्या पुढचा सरळसोट पट्टा, समोरून येणारे तीन-तीन डब्यांचे ट्रक, त्यांच्या वाऱ्याचा झोत. ब्लँचटाऊनचा पूल. आणि मग डोंगर उतरताना ती ब्रेक दाबेल. दोन्ही कोपर बाहेर काढून. ती तुझ्या दारी पोचली असेल तर तू फोन उचलत नाहीस तो फक्त रागापायी, आणि तसाच राग धरून बैस, मला चालेल. आयुष्यभर उचलू नकोस. फक्त ती पोचलेली असू दे.

डल्सी परत आली. कोणी मिळालं नाही. तिने चहा ठेवलाय, साखर घालायला विसरली, आणि पहिल्यांदाच माझ्याशी हळू बोलतेय. "आल्विन, फोन जरा खाली ठेव. सारखा तूच फिरवत बसलास तर कोणाचा येणार कसा?"

हे माझ्या लक्षात नाही आलं.

ठेवला. तो वाजत नाही.

दुपार कलली. अंगणात पानं पडतायत आणि आज मला त्यांचा आवाज येतोय. नको वाटतो.

पुढच्या दारावर कोणीतरी ठोठावतंय.

अँटन, या गावात पुढच्या दाराने कोणी येत नाही. शेजारपाजार, पाद्री, टपालवाला, झाडून सगळे मागून येतात, हाक मारत स्वयंपाकघरात शिरतात. पुढच्या दाराने येतात ते अनोळखी, नाहीतर टोपी काढून हातात धरलेले पोलीस. डल्सी चहाची किटली हातात घेऊन नुसती उभी आहे. ती म्हणते, "मी बघू?" मी म्हटलं, नको. मीच खिडकीतून बघतो.

फाटकाशी एक पांढरी पिकअप उभी आहे, मागे मोटारसायकल दोरांनी बांधलेली. काळी. तिचं पुढचं चाक हँडलसकट निखळून वेगळं पडलंय, बाजूला टाकलंय, कापून ठेवलेल्या मुंडक्यासारखं. गाडीचं डावं दार उघडं आहे. सीटवर फ्रेया बसली आहे, पाय बाहेर सोडून, एक हात लाल मफलरने गळ्यात बांधलेला. हनुवटी खरचटलीय. ती घराकडे बघत नाहीये. पण डोकं हलतंय, अँटन, ती थर्मासमधून काहीतरी पितेय.

दारात तू आहेस. केस किती पिकलेत तुझे. तू माझं मंगळवारचं पत्र हातात धरलंयस, चुरगळलेलं, आणि दुसऱ्या हाताने पाहुण्यासारखं दार ठोठावतोयस. ती केसाची ओळ वाचूनच तू तिच्या वाटेवर निघाला असणार. त्या दाराची किल्ली कुठे आहे मला माहीत नाही. डल्सी ओरडतेय, "अरे मागून ये, मागचं उघडंच आहे!" आणि तू जागचा हलत नाहीस.

मी येतोय. दार तोडावं लागलं तरी येतोय.